बरोबरीत खेळणारा पोरगा

आन्सेल्मो मिस्टरांनी आयुष्यात दोनच कामं मन लावून केली. एक, सदतीस वर्षं शाळेच्या मैदानात पोरांना पळवलं. आणि दुसरं, पळणाऱ्या पोरांकडे बघितलं. आमच्या बेटावर शिक्षकाला मिस्टर म्हणतात, शिक्षिकेला मिसी, आणि एकदा चिकटलेलं मिस्टर माणसाबरोबर कबरीतच जातं. त्यामुळे निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी काबो मांग्ले गावात त्यांना नुसतं आन्सेल्मो म्हणणारं एकच माणूस होतं, त्यांची बायको प्रोव्ही, आणि तीही फक्त रागावली की म्हणायची. म्हणजे बहुतेक रोज.

बघण्याचं काम त्यांना संघाने दिलं होतं. बास्केटबॉलमधलं काही कळत नाही असा माणूस आमच्या गावात अजून जन्माला यायचाय. न्हाव्याला कळतं, पाद्र्याला कळतं, मासे विकणारीच्या नवऱ्याला तर प्रशिक्षकापेक्षा जास्त कळतं. पण वर्षाच्या सुरुवातीला नवख्या खेळाडूंचा ड्राफ्ट जवळ आला, कोणता पोरगा उचलायचा हे ठरवायची वेळ आली, की पेलिकन संघाच्या मालकीणबाई दोन्या मिग्दालिया यांपैकी कोणालाही विचारत नसत. त्या आपल्या बेकरीतला गरम पाव कागदात गुंडाळून मिस्टरांच्या घरी पाठवत. पाव आला की कामाला लागायचं, हे ठरलेलं.

मिस्टर चेंडूकडे बघत नसत. "चेंडूत काय बघायचं, तो गोलच असतो," म्हणत. चेंडू दुसऱ्याकडे असताना पोरगा काय करतो, शिट्टी विरुद्ध वाजली की हात कुठे ठेवतो, पाण्याची बाटली आधी स्वतःच्या तोंडाला लावतो की शेजाऱ्याला देतो, हे ते बघत. मग घरी येऊन एका कार्डावर पोराचं नाव आणि त्याखाली एकच शब्द लिहीत. 'भिंत.' 'घाई.' 'आईचा लाडका.' हे दोन झाले खरे, पण त्या पोराला एक पुरलाच नसता. चुकले नाहीत असंही नाही. एकाच्या कार्डावर त्यांनी 'पोकळ' लिहिलं होतं. तो पुढे देशाच्या संघाचा कप्तान झाला आणि दर नाताळात न चुकता मिस्टरांना पास्तेलेस पाठवतो, केळीच्या पानात नीट बांधलेले, वर चिठ्ठी: 'भरलेले आहेत.' मिस्टर ते निमूट खातात. चवीला उत्तम असतात, त्याला ते तरी काय करणार.

यंदा मात्र एक कार्ड कोरं राहिलं होतं.

नेफ्ताली ओकेंदो. वय एकोणीस, उंची सहा फूट आठ इंच, पायात पंधरा नंबरचे बूट, राहणार आल्तो यागरुमो, म्हणजे डोंगरात जिथे डांबर संपतं त्याच्याही वर. मिस्टरांनी त्याला कॉलेजच्या स्पर्धेत पाहिलं होतं. त्याचा संघ म्हणजे नुसता पालापाचोळा, आणि समोर बेटावरचा सगळ्यात तगडा संघ. तरी या एकट्या पोराने आपल्या लोकांना शेवटच्या सेकंदापर्यंत ओढत नेलं. एका गुणाने हरले. मिस्टर बाहेर आले ते दुसऱ्याच कोणाच्या तरी गाडीला किल्ली लावायला लागले.

"हाच घ्या," त्यांनी मालकीणबाईंना सांगितलं.

"आणि शब्द?"

"शब्द मागाहून देतो."

असं ते आयुष्यात पहिल्यांदाच म्हणाले, आणि खरं तर दोन्या मिग्दालिया तिथेच सावध व्हायला हव्या होत्या. पण मिस्टरांच्या डोळ्यावर त्यांचा विश्वास. पेलिकनांनी पहिल्याच फेरीत नेफ्तालीला उचललं.

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात. इथे पंधरा नंबरचे पाय रोज डोळ्यांसमोर धावत होते आणि मिस्टरांना काही म्हणजे काही दिसत नव्हतं. पहिल्या सामन्यात आपण वीस गुणांनी मागे होतो. नेफ्ताली आत आला आणि आठ मिनिटांत वीसचे दोन झाले. लोक बाकांवर उभे राहिले, कोणाच्या तरी आजीची कवळी पडली. पुढच्या सामन्यात आपण अठराने पुढे. नेफ्ताली आत आला आणि ते अठरा गुण उन्हात ठेवलेल्या बर्फासारखे वितळले. रिंगवरून उसळलेल्या चेंडूकडे अर्धं पाऊल उशिरा, पास नेमका ज्याला झेलता येत नाही त्याच्याकडे, अगदी रिंगखाली मोकळा असतानाही दुसऱ्याची वाट बघत उभा. तगड्या संघासमोर वाघ, लिंबूटिंबू संघासमोर लिंबूटिंबू. मिस्टर तिसऱ्या रांगेतून उठून पहिल्या रांगेत येऊन बसले. काही फरक पडला नाही, फक्त मान दुखायला लागली.

त्यांनी कार्डावर 'आळशी' लिहिलं आणि खोडलं, कारण सरावाला तो सगळ्यांत आधी यायचा आणि फरशी पुसून शेवटी जायचा. 'भित्रा' लिहिलं, तेही खोडलं. दोन सेकंद उरलेत, सामना बरोबरीत, गाव किंचाळतंय, आणि हा पोरगा गोठ्यातल्या गाईसारखा शांत. याला भित्रा कसं म्हणणार? 'आजारी?' असं प्रश्नचिन्हासकट लिहिलं. डॉक्टर म्हणाला, घोडा आहे. ते कार्ड आता कार्ड न राहता फळ्याचं फडकं झालं होतं.

प्रशिक्षक एलिऊद, जो एकेकाळी मिस्टरांच्या शिट्टीवर उठाबशा काढायचा, तो एक दिवस टॅब्लेट घेऊन आला.

"मिस्टर, हे बघा. हा कोर्टवर असताना आपण मिळवलेले गुण, हे गमावलेले. नऊ सामन्यांचे. वजाबाकी किती?"

"शून्य," मिस्टर म्हणाले. "म्हणजे चांगलं का वाईट?"

"तेच मला कळत नाहीये! वाईट खेळाडू उणे साठ असतो, चांगला अधिक साठ. शून्य कोणीच नसतं हो. शून्य यायला सुद्धा नशीब लागतं. हा असला काय नि नसला काय! देवाने पाठवला आणि वापरायचं कसं तो कागद द्यायचा विसरला."

इथवर ठीक होतं. गावाला कोडं पडलं की गाव आठ दिवस दम धरतं, मग स्वतःच उत्तर तयार करतं. चेगी न्हाव्याने एकाच्या गालाला साबण लावता लावता म्हटलं, "सामना दर वेळी शेवटपर्यंत अटीतटीचा. दर वेळी! यात कोणाचं फावतं? पैजा लावणाऱ्यांचं. पोरगा विकला गेलाय, दुसरं काय." साबण वाळायच्या आत हे मासळीबाजारात पोचलं, आणि तिथून कुठे कुठे.

सोमवारी दोन्या मिग्दालियांनी मिस्टरांना बेकरीच्या मागच्या खोलीत बोलावलं. पिठाच्या पोत्यांमध्ये दोन खुर्च्या. पाव नाही, कॉफीही नाही.

"आपल्याकडे नवख्याला दहा सामने मिळतात, मिस्टर. गुरुवारी दहावा. शुक्रवारी सकाळी एक तर तीन वर्षांचा करार, नाही तर त्याला घरी पाठवायचं. आणि या वावड्या उठल्यावर घरी पाठवला, तर मी काहीही कारण दिलं तरी लोक काय समजायचं तेच समजणार. मग या बेटावर त्याच्या हातात पुन्हा कोणी चेंडू देणार नाही."

"तो तसा नाही हो."

"मग कसा आहे? ते सांगा ना! कसा नाही ते मला कोणीही सांगेल. तुम्ही म्हणालात घ्या, मी घेतला. आता तुम्हीच सांगा मी काय घेतलंय."

सांगण्यासारखं काही असतं तर त्यांनी कार्डावर नसतं लिहिलं? त्यांना पोराची काळजी वाटत होती आणि स्वतःचीही. आयुष्यभर एकाच डोळ्यावर जगलेल्या माणसाला त्या डोळ्याने दगा दिला तर त्याने करायचं काय?

मंगळवारी त्यांनी सरावाआधी नेफ्तालीला बाकावर बसवलं.

"पोरा, खरं सांग. तुला कोणी भेटलं होतं का?"

"कोण, मिस्टर?"

"कोणीतरी. गाडीतून येणारं. गोड बोलणारं. तुझं भलं चिंतणारं."

"हो, भेटले होते."

मिस्टर बाकावरून अर्धे उठले. "कोण?"

"चर्चवाले. म्हणाले, रविवारी या."

"अरे, ते नाही!" मिस्टरांनी कपाळावरचा घाम पुसला. "बरं, हे सांग. आपण खूप पुढे असलो की तुला काय होतं?"

नेफ्ताली प्रामाणिक. त्याने होतं तेच सांगितलं. "बरं वाटत नाही."

"पोटात?"

"नाही. सगळीकडे. असं वाटतं, आता संपणार."

"मग संपवायचं ना! पुढे असलेला माणूस संपवतोच. त्यासाठीच तर पुढे जायचं असतं."

"हो, मिस्टर," नेफ्ताली अगदी मनापासून म्हणाला, आणि तासाभराने सरावाच्या सामन्यात त्याची बाजू दहाने पुढे असताना त्याने लागोपाठ चार चेंडू घालवून बरोबरी करून दिली. वर मिस्टरांकडे बघून हसलासुद्धा. हा पोरगा खोटारडा असता तर बरं झालं असतं, असं मिस्टरांना वाटलं. खोटारडे त्यांना लांबूनच ओळखू यायचे.

घरी प्रोव्हीने ताटात भात वाढला आणि नवऱ्याचा चेहरा बघून पळी खाली ठेवली.

"आन्सेल्मो, तू त्या पोराच्या घरी गेला होतास का कधी?"

"कॉलेजात पाहिला होता."

"म्हणजे घर न बघता सोयरीक करून बसलास. आणि आता मांडवात उभा राहून विचारतोयस, मुलगी कशी आहे."

बुधवारी सकाळी मिस्टरांनी गाडी काढली.

आल्तो यागरुमोला पोचेपर्यंत गाडीने तीनदा पाणी मागितलं. वर बघतात तर निम्मी घरं बंद. काही वर्षांपूर्वीच्या मोठ्या वादळानंतर जो तो मुख्य भूमीवर गेलेला, कोणी ऑर्लँडोला, कोणी त्याही पुढे. पण मधोमध पत्र्याच्या उंच छपराखाली नगरपालिकेने बांधलेलं कोर्ट, दोनशे माणसं बसतील एवढं, आणि त्यावर एक कुत्रा झोपलेला. कोर्टाला लागून असलेल्या घराच्या खिडकीतून एक बाई लिंबेर विकत होती, पेल्यात गोठवलेला चिंचेचा रस. ती नेफ्तालीची मावशी, टिटी हेर्मिनिया. गिऱ्हाईक नसल्यामुळे तिने मिस्टरांना एक पेला फुकट दिला आणि दुसरा खुर्चीसकट.

"पोरं कुठायत?" मिस्टरांनी विचारलं.

"पोरं येतात कुठे आता! नेफ्ताली खाली गेल्यापासून रविवारीच. तो येतो, मग तिन्ही डोंगरांवरून चालत येतात. एरवी हा कुत्रा आणि मी."

"तो नसला तर का नाही खेळत?"

"रंगतच नाही ना. एकवीसचा खेळ, आधी एकवीस करेल तो जिंकला. कोणीतरी पंधरा-दोन करतं, मग दुसरे म्हणतात, जातो आम्ही, भूक लागली. अकरा तर पोरं आहेत सगळी मिळून. दोघं रुसून गेली की खेळच मोडला."

"आणि नेफ्ताली असला की?"

टिटी हसली. "मग वीस-वीस! दर वेळी वीस-वीस! माझी खिडकी दिवस मावळेपर्यंत उघडी. काय ओरडतात, काय भांडतात! लहान होता तेव्हा असं नव्हतं हं. अकरा वर्षांचा असताना एकदम वाढला, भोपळ्याच्या वेलासारखा, आणि सगळ्यांना हरवायला लागला. एकवीस-शून्य. एकवीस-एक. मग काय, कोण येतंय? दोन आठवडे कोणी फिरकलं नाही. हा एकटा इथे चेंडू आपटत बसायचा, धप्प, धप्प. माझं डोकं उठायचं. रडायचा पण. मग पोरं परत आली, आणि तेव्हापासून शहाणा झाला."

"कोणी सांगितलं त्याला?"

"काय सांगायचं?" टिटीने विचारलं. तिला खरोखरच कळलं नव्हतं की तिने काय सांगितलंय.

मिस्टरांच्या पेल्यातला रस वितळून पँटवर गळत होता. आठ वर्षं! आठ वर्षं या पोराने एकही सामना जिंकायला म्हणून खेळलेला नव्हता आणि हरायलाही नाही. तो खेळायचा तो खेळ चालू राहावा म्हणून. दहा जण कोर्टवर असताना कोणाला किती द्यायचं, कोणाकडून किती घ्यायचं, म्हणजे पारडं समतोल राहील, हे त्याला श्वासासारखं येत होतं. आणि तो काय करतो हे त्याला स्वतःला ठाऊक नव्हतं.

इतकी अवघड गोष्ट मिस्टरांनी जन्मात पाहिली नव्हती. पण आता उलट त्यांचा गोंधळ दुप्पट झाला. याला म्हणायचं काय? हा गुण की खोड? असल्या खेळाडूचं संघाने करायचं काय? आणि हे जाऊन सांगायचं कोणाला? दोन्या मिग्दालियांना सांगितलं असतं तर त्यांनी जन्माचा पाव बंद केला असता. चेगीला सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, वा, मिस्टरांनाही वाटा मिळाला वाटतं! डोंगर उतरताना त्यांनी दोनदा चुकीचं वळण घेतलं.

मिस्टरांचा एक नियम होता. बघायचं, पण खेळाडूला त्याच्याबद्दल काही बोलायचं नाही. बघणाऱ्याने तोंड उघडलं की बघण्यासारखं काही उरत नाही, असं त्यांचं मत. गुरुवारी संध्याकाळी त्यांनी तो नियम मोडला. समोर तळाचा संघ होता, दमलेला, दोन जण जायबंदी. असल्या संघासमोर नेफ्तालीने पुन्हा बरोबरी केली असती तर शुक्रवार उजाडायची गरजच नव्हती.

कपडे बदलायच्या खोलीबाहेर त्यांनी त्याला गाठलं आणि सगळं सांगितलं. वीस-वीस. दोन आठवडे. धप्प, धप्प.

नेफ्ताली ऐकत राहिला. त्याचा चेहरा हळूहळू बदलत गेला. आपल्या पाठीवर काहीतरी आहे असं कोणी सांगावं आणि माणसाने वळून बघायचा प्रयत्न करावा, तसा.

"मी असं करतो?"

"करतोस. आणि आज करायचं नाही. हे तुझे डोंगरावरचे दोस्त नाहीत, पोरा. यांना खेळायचा पगार मिळतो. तू पन्नासने हरवलंस तरी ही माणसं रुसून घरी जाणार नाहीत, पुढच्या सामन्याला हजर असतील. कळलं?"

"हो, मिस्टर."

मिस्टर पहिल्या रांगेत जाऊन बसले. पहिल्या पाच मिनिटांत नेफ्तालीने अकरा गुण केले. मग तो थबकला आणि त्याने बाकांकडे, थेट मिस्टरांकडे बघितलं. पुरे का? मिस्टरांनी मूठ हवेत उगारली: चालू दे! त्याने चालू दिलं. आपण पंधराने पुढे गेलो, पंचविसाने गेलो. दर वेळी तो बघे, दर वेळी मिस्टर मूठ उगारत. समोरचा एक म्हातारा खेळाडू लंगडत लंगडत त्याला अडवायला आला. नेफ्तालीने त्याच्या डोक्यावरून चेंडू रिंगमध्ये कोंबला. गाव वेडं झालं. चेगी न्हावी स्वतःचा शर्ट फिरवत होता आणि मी आधीपासून म्हणत होतो म्हणून ओरडत होता. अडतीस गुणांनी जिंकलो. नेफ्तालीचे एकट्याचे एकेचाळीस.

एवढ्या गोंगाटात मिस्टरांच्या लक्षात एक गोष्ट आली आणि ती त्यांना आवडली नाही. शेवटच्या दहा मिनिटांत पोराने बाकांकडे बघणं सोडून दिलं होतं.

शुक्रवारी करार झाला. दोन्या मिग्दालियांनी मिस्टरांच्या दोन्ही गालांचे मुके घेतले आणि सहा पाव दिले. "तुमचा डोळा तो डोळाच!" एलिऊदने टॅब्लेट बंद करून टाकला. नेफ्तालीने सही केली, हात मिळवले, सगळ्यांचे आभार मानले. मिस्टरांनी त्याला विचारलं, "खूश ना?" तो म्हणाला, "हो, मिस्टर." तेच दोन शब्द, तोच आवाज, पण त्यात काय होतं ते मिस्टरांना लागेना. पोरगा वाचला, त्याचं नाव धुऊन निघालं, तरी आपल्याला चोरी करून आल्यासारखं का वाटतंय? प्रोव्हीला विचारलं, तर ती म्हणाली, "पाव खा आणि गप्प झोप."

रविवारी ते पुन्हा डोंगर चढले. टिटीने बोलावलं होतं, हे एक निमित्त. खरं म्हणजे त्यांना ते वीस-वीस एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. असला खेळ बेटावर दुसरीकडे कुठे बघायला मिळणार?

अकराच्या अकरा पोरं आली होती. कराराची बातमी वर पोचली होती, त्यामुळे जो तो नेफ्तालीच्या पाठीत धपाटे घालत होता. टिटीने चिंचेचे पेले आधीच भरून ठेवले होते. खेळ सुरू झाला. सहा-शून्य. अकरा-एक. मिस्टर खुर्चीत पुढे सरकले. नेफ्ताली स्वतःला आवरायला बघत होता, ते त्यांना दिसत होतं; पण अंगाला तीन दिवसांपूर्वी जे सांगितलं गेलं होतं, ते अंग विसरायला तयार नव्हतं. एकवीस-चार. टाळी कोणी वाजवली नाही.

"परत," नेफ्ताली घाईघाईने म्हणाला. "परत खेळू. मी यांच्या बाजूने."

दुसऱ्या डावात पात्रिसियो नावाचा एक जाडा पोरगा त्याच्यासमोर आला, पायात सपाता, हातात चेंडू. नेफ्ताली त्याला अडवायला उभा राहिला. पात्रिसियो एक पाऊल पुढे आला आणि थांबला.

"हात वर कर."

"वरच आहेत."

"नेफ्ताली, हात वर कर. मला येडा समजतोस? भीक घालतोस काय?"

"नाही रे!"

"मोठा खेळाडू झालास म्हणून काय झालं? आधी असं कधी केलं नाहीस."

"आधी पण..." नेफ्ताली म्हणाला आणि त्याने तोंड मिटलं.

पण शब्द बाहेर पडला होता. अकरा पोरांनी तो ऐकला. पात्रिसियो त्याच्याकडे बघत राहिला. त्याच्या डोळ्यांसमोरून काय काय गेलं असेल ते मिस्टरांना बसल्या जागी समजलं: वीस-वीस असताना त्याने स्वतः मारलेल्या शेवटच्या बास्केट, खांद्यावर घेऊन नाचणारी पोरं, घरी जाऊन आईला सांगितलेले सामने, आठ वर्षांचे.

"ते सगळे?" पात्रिसियोने विचारलं.

नेफ्तालीने हळूच मान डोलावली. त्याला खोटं बोलता येत नव्हतं, हे तर मिस्टरांना मंगळवारपासून माहीत होतं.

पात्रिसियोने चेंडू जमिनीवर ठेवला. फेकला नाही, नीट ठेवला, आणि शर्ट उचलून तो उताराला लागला. त्याच्या मागोमाग दुसरा. मग तिघं एकदम. "भूकबिक लागली का रे?" टिटीने खिडकीतून विचारलं. थोड्या वेळाने कोर्टावर एकटा नेफ्ताली उरला, आणि छपराखाली खुर्चीत मिस्टर.

मिस्टर उठून त्याच्याजवळ गेले. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. सॉरी म्हणावं, तर कशाबद्दल? करार मिळवून दिल्याबद्दल?

नेफ्तालीने त्यांच्याकडे बघितलं. डोळ्यांत पाणी नव्हतं, राग तर मुळीच नव्हता. नुसता गोंधळ होता, गेले तीन महिने मिस्टरांच्या डोक्यात होता तसलाच.

"मिस्टर, मी आधी ते कसं करायचो?" त्याने विचारलं. "तुम्ही बघायचात ना? जरा सांगा ना. मी परत शिकतो."

आन्सेल्मो मिस्टरांनी नऊ सामने पाहिले होते, चेंडूवरून नजर काढून, फक्त त्याच्याकडे बघत. त्यांना एक अक्षरही सांगता आलं नाही.